एका नावाचं कपाट: कथा, कादंबरी, नाटक, जंगल सगळं एकाच लेखकाचं असेल तर वाचनालयात कसं लावावं

"माडगूळकरांचं काहीतरी द्या." सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या वाचनालयात काउंटरवर बसा, आठवड्यातून दोन-तीनदा हे वाक्य ऐकू येईल. कोणते माडगूळकर, अण्णा (ग. दि.) की त्यांचे धाकटे भाऊ तात्या (व्यंकटेश), हा पहिला प्रश्न. तात्या म्हटलं तर कथा हवी की कादंबरी, नाटक की जंगलातली भटकंती, हा दुसरा. आणि एवढं विचारून झाल्यावर पुस्तक कपाटात सापडेल का, हा खरा प्रश्न. कारण नाव एक असलं तरी पुस्तकं कथेच्या, ललिताच्या, नाटकाच्या आणि 'इतर'च्या कपाटात विखुरलेली असतात. 'इतर'मध्ये गेलेलं पुस्तक गेलंच म्हणून समजा.

अशा बहुविध लिहिणाऱ्या एका लेखकाची पूर्ण सूची करणं आणि गरज असेल तर त्याचं वेगळं कपाट लावणं, याची ही कृती आहे. पाच-दहा हजार पुस्तकांचं, एक ग्रंथपाल आणि एक मदतनीस असलेलं वाचनालय डोळ्यांसमोर धरलं आहे. एका लेखकाच्या साठ-सत्तर प्रती असतील तर दोघांना रोजची देवघेव सांभाळून आठवडा लागतो.

कपाट की सूची

महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. तिथे पुस्तकं साहित्यप्रकारांनुसार घराघरांत ठेवली आहेत: एका घरात कादंबरी, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात चरित्रं. हिंडायला आलेल्या वाचकासाठी ही रचना छान. पण एकाच लेखकाचं सगळं वाचायचं असेल तर गावभर पायपीट करावी लागते. आपल्या वाचनालयात दोन कपाटांमधलं अंतर चार फुटांचं असलं तरी अडचण तीच.

यावर उपाय म्हणून प्रत्येक मोठ्या लेखकाला वेगळं कपाट द्यायचा मोह होतो. तो टाळा. खांडेकर वेगळे, साठे वेगळे, दोन्ही माडगूळकर वेगळे असं करत गेलात की दोन वर्षांत अख्खं वाचनालय नावांचं होतं. मग जंगलावरचं पुस्तक हुडकणाऱ्या नववीतल्या मुलाला ते कधीच दिसत नाही, कारण त्याला लेखकाचं नावच माहीत नसतं. सूची मात्र प्रत्येक महत्त्वाच्या लेखकाची करा. वेगळं कपाट फक्त एकाला, फार तर दोघांना द्या, तेही दोन अटी पुऱ्या होत असतील तरच. लेखक आपल्या पंचक्रोशीतला असावा आणि त्याच्या निदान वीस वेगवेगळ्या कृती वाचनालयात असाव्यात. वाटेगावच्या वाचनालयात अण्णा भाऊ साठ्यांचं कपाट हवंच. तेच कपाट फलटणला उभं करायचं असेल तर आधी नीट विचार करा.

सगळं टेबलावर काढा

कपाटं बघून सुरुवात करू नका. दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन टिपलेली वही, उघडा आणि पहिल्या पानापासून लेखकाच्या रकान्यावर बोट फिरवत खाली या. दहा हजार नोंदी बघायला दोन दुपारी जातात. पण देवघेवीत बाहेर असलेली, बांधणीला गेलेली, बाद म्हणून बांधून माळ्यावर टाकलेली पुस्तकं फक्त इथेच सापडतात. प्रत्येक दाखल क्रमांक कागदावर उतरवा आणि मग तो कागद घेऊन कपाटांकडे जा. बालविभाग आणि शाळांच्या संचांची पेटी विसरू नका. मोठ्या लेखकाची दोन-चार पुस्तकं तिथे हमखास निघतात.

टेबलावर चार ढीग करा. पहिल्यात लेखकाची स्वतःची पुस्तकं. दुसऱ्यात त्याच्याविषयीची: चरित्र, समीक्षा, गौरवग्रंथ, आठवणी. तिसऱ्यात त्याचा नुसता हात लागलेली, म्हणजे प्रस्तावना त्याची, संपादन त्याचं किंवा अनुवाद त्याचा. चौथ्यात नावसाधर्म्यामुळे चुकून आलेली. सगळ्यात जास्त घोळ पहिल्या आणि दुसऱ्या ढिगात होतो. गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचा फोटो आणि नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत असतं की घाईत तो 'त्यांचाच' म्हणून लागतो. निवडक कथांच्या संग्रहावर संपादकाचं नाव मोठं असेल तर उलट होतं, लेखकाचं पुस्तक दुसऱ्याच्या खात्यावर जातं. म्हणून मुखपृष्ठावर विसंबू नका, आतलं शीर्षकपान वाचा.

नाव एकाच रूपात

सूचीसाठी लेखकाच्या नावाचं एक रूप पक्कं करा, आडनाव आधी. वाचकांच्या तोंडी असलेलं रूप घ्यावं, जन्मनोंदीतलं नको. तुकाराम भाऊराव साठे हे अण्णा भाऊंचं मूळ नाव, पण सूचीत 'साठे, अण्णा भाऊ' हेच. मूळ नावाचं एक वेगळं कार्ड ठेवून त्यावर फक्त एवढंच लिहा: 'पाहा: साठे, अण्णा भाऊ'. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी सुरुवातीच्या कविता 'कुमार' या नावानं लिहिल्या. त्यासाठीही असंच 'पाहा' कार्ड करा.

माडगूळकर बंधूंच्या बाबतीत तर नुसतं आडनाव लिहून चालणारच नाही. 'माडगूळकर, ग. दि.' आणि 'माडगूळकर, व्यंकटेश' ही दोन स्वतंत्र रूपं. आद्याक्षरांवर थांबू नका, 'माडगूळकर, व्यं.' असं लिहिलं की मदतनीस तीन महिन्यांत दोघांची पुस्तकं एकात घालतो. दीर्घ ऊ सांभाळा. 'माडगुळकर' असं ऱ्हस्व लिहिलेली शंभर कार्डं निघाली तर ती क्रमात वेगळी पडतात आणि अर्धा लेखक गायब होतो. गदिमांचा पसाराही तितकाच वाकडातिकडा आहे: कविता, गीतं, पटकथा, आठवणी. दोघंही याच मातीतले, तेव्हा माणदेशातल्या वाचनालयाला दोन सूच्या कराव्या लागतील आणि त्या एकाच दिवशी करू नयेत.

पुस्तक कधीचं ते ओळखणं

इथे खरी मेहनत आहे, आणि मजाही. सूचीत दोन वर्षं लागतात: कृती पहिल्यांदा कधी आली आणि हातातली प्रत कधी छापली. 'बनगरवाडी' पुस्तकरूपानं १९५५ साली आली. हातातली प्रत त्यानंतर पन्नास वर्षांनी छापलेली असू शकते. तिच्यावरचं साल पाहून कादंबरीच पन्नास वर्षांनी तरुण करणाऱ्या सूच्या भरपूर आहेत.

शीर्षकपान उलटा. मागच्या बाजूला प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार, हक्क, आवृत्ती, किंमत हे सगळं दाटीवाटीनं छापलेलं असतं. 'प्रथमावृत्ती', 'दुसरी आवृत्ती', 'पुनर्मुद्रण' अशी यादी असेल तर सगळी उतरवून घ्या. आवृत्ती म्हणजे मजकुरात काही बदल झाला असणार, पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुन्हा छापलं, असा भेद असायला हवा. मराठी प्रकाशक तो पाळतातच असं नाही. शंका आली तर दोन प्रती शेजारी ठेवा आणि शेवटच्या पानाचा क्रमांक, अनुक्रमणिकेतली संख्या आणि प्रस्तावनेखालची तारीख ताडून पाहा. कथासंग्रहात तर हे कराच, कारण नव्या आवृत्तीत एखादी कथा वाढलेली किंवा गळलेली असते.

साल शके असेल तर ७८ मिळवा. शके १८७७ म्हणजे चैत्रापासून १९५५, पण जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतचा काळ १९५६ मध्ये पडतो, तिथे ७९ मिळवावे लागतात. प्रस्तावनेखाली 'माघ शके १८७७' असेल तर साल १९५६.

सालच नसलेली पुस्तकं खूप मिळतात, विशेषतः पानं फाटलेली किंवा पुन्हा बांधलेली. तेव्हा अप्रत्यक्ष खुणा बघाव्यात. किंमत रुपये-आण्यांत असेल तर प्रत बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. नुसतं 'पुणे २' किंवा 'मुंबई ४' असेल तर बहुतेक त्याआधीची. तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, २००७ पासूनचा. दहा आकडी असेल तर त्याआधीची. आयएसबीएन मुळीच नाही म्हणून पुस्तक जुनं, हा निष्कर्ष मात्र काढू नका, छोटे प्रकाशक आजही त्याशिवाय छापतात.

आपल्या भागाची एक खास खूण आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. १९६० मध्ये दक्षिण सातारचं नाव सांगली झालं. म्हणून प्रस्तावनेखाली किंवा मुद्रकाच्या पत्त्यात 'जि. द. सातारा' दिसलं की तो मजकूर या अकरा वर्षांतला. आटपाडी, माडगूळ हा पट्टा त्याआधी औंध संस्थानात होता, तेव्हा 'औंध संस्थान' असा पत्ता असेल तर आणखी मागचा.

लिखाणाची धाटणीही सांगते. 'कांहीं', 'नाहीं', 'जेव्हां' असे अनुस्वार जागोजागी असतील तर जुळणी बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची. पण 'बहुधा'च, कारण काही प्रकाशकांनी जुना मजकूर तसाच पुढे छापला. मग बोट वापरा. पानाच्या मागच्या बाजूवरून तर्जनी हलकेच फिरवा: खिळ्यांच्या छपाईत अक्षरं कागदात दबलेली असतात आणि मागून बारीक उठाव लागतो. ऑफसेटचं पान दोन्ही बाजूंनी सपाट. जुन्या वळणाचे अनुस्वार आणि सपाट पान, म्हणजे जुन्याच मजकुराचा फोटो काढून केलेलं अलीकडचं पुनर्मुद्रण. अंदाजानं ठरवलेलं साल कार्डावर चौकटी कंसात लिहा आणि पुढे 'अंदाजे' लिहा. खात्रीच्या सालात आणि अंदाजात फरक दिसलाच पाहिजे.

कथा की हकीगत

वर्गांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा आकडा, देताना सगळ्यात जास्त वाद इथे होतो. ड्यूई या दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध-ललित ८९१.४६४. प्रवासवर्णनं ९१० च्या घरात, चरित्रं ९२० ला, प्राणी ५९० ला. गावच्या वाचनालयात एवढे दशांश नको असतील तर 'क', 'का', 'ना', 'ल', 'प्र', 'च' अशी अक्षरं चालतील. मात्र एकदा ठरवलं की बदलायचं नाही.

विषयावरून नको, लेखनप्रकारावरून ठरवा. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' वानरांच्या टोळ्यांवर आहे म्हणून ते प्राण्यांच्या कपाटात जात नाही. ती कादंबरी आहे, तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, जागा ८९१.४६३. त्याच लेखकाचं 'नागझिरा' मात्र प्रत्यक्ष जंगलातल्या मुक्कामावर आहे, ते कथेत घातलं तर निसर्गाचा वाचक मुकतो. 'माणदेशी माणसे' ही व्यक्तिचित्रं. ती काही ठिकाणी कथेत आणि काही ठिकाणी ललितात लावलेली आढळतील. दोन्हीकडे त्यांचं नुकसान होत नाही, नुकसान होतं ते एक प्रत इकडे आणि एक तिकडे ठेवल्यानं. 'तू वेडा कुंभार' नाटकात, यात शंका नाही. तरी नावावरून ते कवितेत गेलेलं पाहायला मिळतं.

खांडेकरांची 'ययाति' पुराणाच्या कपाटात, महाभारताच्या शेजारी लागणं ही तर नेहमीची चूक. अण्णा भाऊंची 'फकिरा' कादंबरीच, इतिहास किंवा चरित्र नव्हे, नायकाला खऱ्या माणसाचा आधार असला तरी. त्यांचं 'माझा रशियाचा प्रवास' ९१४.७. शंका असेल तर शीर्षकपानावर छापलेला प्रकार ग्राह्य. तो नसेल तर प्रस्तावना आणि पहिली दहा पानं वाचा. तरीही ठरत नसेल तर वाचक कुठे शोधेल ते बघा आणि दुसऱ्या जागी 'पाहा' कार्ड टाका. दोन जागांचा वाद मिटवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

कार्ड

५ × ३ इंचाचं साधं कार्ड पुरतं. एका कृतीला एक कार्ड, प्रतीला नाही. नमुना असा:

माडगूळकर, व्यंकटेश
बनगरवाडी
कादंबरी · ८९१.४६३ · खूण: व्यंमा
प्रथम प्रकाशन: १९५५
प्रती: दाखल क्र. २१४७ (आवृत्तीचं पान नाही, [१९६०–७०, अंदाजे]). ५८८० (पुनर्मुद्रण, साल आहे तसं लिहा). ८१०२ (बालविभाग नाही, मुख्य विभाग)
टीप: ५८८० ची पाठ सुटली, बांधणीला

दाखल क्रमांक नमुन्याचे आहेत, आपापले घाला. 'व्यंमा' ही लेखकखूण दोन भावांना वेगळं ठेवते. गदिमांना 'गदिमा' ही खूण आयतीच मिळाली आहे. आकडे सांगताना कृती, आवृत्ती आणि प्रत हे तीन शब्द अदलाबदल करू नका. वरच्या कार्डावर कृती एक, प्रती तीन. 'आमच्याकडे या लेखकाची सत्तर पुस्तकं आहेत' म्हणणाऱ्या वाचनालयात बऱ्याचदा बत्तीस कृती निघतात.

दोन-तीन जुने संग्रह एकत्र करून नव्या नावानं काढलेला खंड असेल तर त्याचं स्वतंत्र कार्ड करा आणि त्यावर आत काय काय आहे ते लिहा. मूळ संग्रहाच्या कार्डावर 'समाविष्ट: अमुक खंड' अशी टीप टाका. एवढं केलं की मूळ संग्रह हरवला तरी त्यातली कथा मागणाऱ्याला 'नाही' म्हणावं लागत नाही.

संगणकात भरताना

सूची एक्सेलमध्ये ठेवा किंवा कोहा, ई-ग्रंथालयसारख्या प्रणालीत, पण टंकलेखन युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये भरलेल्या याद्या दिसायला मराठी असतात, पण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. तिथे 'माडगूळकर' शोधून काही मिळत नाही. जुनी यादी परिवर्तकातून काढली तर जोडाक्षरं आणि रफार तपासा, 'र्‍हा' आणि 'ऱ्या' तिथे हटकून बिघडतात.

क्रम लावताना आणखी एक गंमत. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर, आणि 'क्ष', 'ज्ञ' शेवटी. यंत्र साध्या क्रमात 'ळ' ला 'ल' च्या मागे बसवतं आणि 'क्ष' ला 'क' च्या पोटात. कार्डपेटी एका क्रमानं आणि पडदा दुसऱ्या क्रमानं चालला की मदतनीस वैतागतो. कोणता क्रम पाळायचा ते पेटीवर चिकटवून ठेवा. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही तपासा, 'माडगूळकर' आणि मागे एक रिकामा ठोसा असलेलं 'माडगूळकर ' यंत्राला दोन वेगळी माणसं वाटतात.

काय नाही ते शोधणं

आपल्याकडे काय आहे ते कळलं, आता काय नाही ते पाहायचं. पुस्तकांच्या शेवटी 'लेखकाची इतर पुस्तके' अशी यादी असते, तिथून सुरुवात करा, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास नको. 'आगामी' किंवा 'छापत आहे' म्हणून दिलेलं एखादं पुस्तक कधी आलेलंच नसतं, किंवा वेगळ्याच नावानं येतं. १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशातल्या लेखकनोंदी साल आणि प्रकार ताडायला उपयोगी, आणि आता त्या मोबाइलवर वाचता येतात. दोन ठिकाणी दोन सालं मिळाली तर प्रत्यक्ष पहिली आवृत्ती पाहिलेल्याचं साल धरा आणि दुसरं टीपेत ठेवा.

न मिळणाऱ्या पुस्तकाची शेजारच्या वाचनालयातून झेरॉक्स काढून आणण्याआधी कायदा पाहा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, त्यांचं लेखन २०२९ अखेरपर्यंत हक्काधीन. खांडेकर १९७६ चे, म्हणजे २०३६ अखेर. व्यंकटेश माडगूळकर २००१ मध्ये गेले, तिथे २०६१ उजाडेल. मात्र भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. त्यासाठी दोन-तीन दुकानांत आणि प्रकाशकाकडे विचारणा केल्याचा कागद फाइलला लावा. अशा प्रतीवर 'संदर्भ, घरी देणे नाही' असा शिक्का मारा.

कपाट लावणं

पुस्तकं बहुतेक डेमी किंवा क्राउन आकाराची असतात, साडेआठ इंचांपेक्षा क्वचितच उंच. फळ्यांत दहा इंचांचं अंतर ठेवा. जास्त ठेवलं की वरच्या रिकाम्या जागेत आडवी पुस्तकं घुसतात आणि उभ्यांच्या पाठी मोडतात. एका फुटात साधारण दहा-बारा पुस्तकं बसतात. फळी दोन तृतीयांशच भरा. देवघेवीतून परत येणाऱ्याला जागा लागते, आणि गच्च भरलेल्या फळीतून पुस्तक ओढताना पाठीची वरची कड फाटते. मराठी कच्च्या बांधणीच्या निम्म्या पुस्तकांचं मरण तिथेच असतं.

लेखकाच्या वेगळ्या कपाटात आधी प्रकार, मग प्रथम प्रकाशनाचं साल, असा क्रम द्या. नावांच्या अकारविल्ह्यानं वाचकाला काही कळत नाही. सालानं लावलं की माणूस लिहिता लिहिता कुठून कुठे गेला ते फळीवरच दिसतं. प्रकार बदलतो तिथे पुठ्ठ्याची पट्टी उभी करा: 'कथा', 'कादंबरी', 'नाटक', 'जंगल आणि भटकंती'. शेवटच्या फळीवर दुसरा ढीग, म्हणजे लेखकाविषयीची पुस्तकं. तिसऱ्या ढिगातली, नुसती प्रस्तावना असलेली पुस्तकं, इथे आणू नका. ती आपापल्या जागी राहू द्या, फक्त कार्ड इथे.

पाठीवरची चिठ्ठी तळापासून तीन सेंटिमीटरवर चिकटवा, सगळ्या पुस्तकांवर एकाच उंचीला. चिकटपट्टी वापरू नका, ती दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि निघताना पाठीचं छापील नाव घेऊन निघते. मैद्याची पातळ खळ चांगली, एकाला पाच पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत. बांधणीवाले तिच्यात किडीसाठी मोरचूद घालतात. तो विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि हात धुवा.

पाऊस आणि पूर

माणदेशात शत्रू धूळ आणि वाळवी. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे घ्या, पाय जमिनीत रोवलेल्या लाकडी मांडणीवर ठेवू नका. पाटण, महाबळेश्वरकडे आणि वाईच्या वरच्या अंगाला शत्रू ओल. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते. जूनपासून काचेची दारं घट्ट बंद ठेवण्यापेक्षा उघडीप मिळेल त्या दुपारी उघडून पंखा लावा. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांनी बुरशी थांबत नाही आणि वाचकाचं डोकं उठतं.

कृष्णाकाठच्या वाचनालयांना वेगळीच काळजी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. जून ते सप्टेंबर तळाच्या दोन फळ्या रिकाम्या ठेवा. वेगळ्या कपाटातली दुर्मीळ पुस्तकं आधीच एका पेटीत ओळखून ठेवा. पाणी ४० ला लागलं की ती पेटी वरच्या मजल्यावर जाते, बाकीचं नंतर. सूचीची एक प्रत वाचनालयाबाहेर, एखाद्या संचालकाच्या घरी हवी.

तरीही भिजलीच तर ४८ तासांत हालचाल झाली पाहिजे, त्यानंतर बुरशी येते. चिखल लागलेलं पुस्तक बंद ठेवूनच स्वच्छ पाण्यानं धुवा, उघडून पुसू नका. थोडं भिजलेलं असेल तर पुठ्ठे जरा उघडून उभं करा, पंखा समोर नको, बाजूनं फिरता. दर वीस पानांमागे टीपकागद घाला आणि तो दोन-तीन तासांनी बदला. उन्हात टाकलं की पानं लाटांसारखी वाकतात आणि पुठ्ठा उलटतो. गुळगुळीत आर्टपेपरवर फोटो असलेली पुस्तकं सगळ्यात आधी हातात घ्या, कारण ती वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात. एकाच वेळी दोनशे भिजली तर एवढी वाळवणं शक्य नसतं. तेव्हा एकेक बटर पेपरमध्ये गुंडाळून, पाठ खाली ठेवून, गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या किंवा दूध संकलन केंद्राच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना ठेवा. गोठलेलं पुस्तक महिनाभर तसंच राहतं, आणि रोज दहा-बारा काढून सावकाश वाळवता येतात. फ्रीझर कोणाचा, चावी कोणाकडे, हे मात्र मे महिन्यात विचारून ठेवावं.